हुमणी ऐकण्याची नोकरी

झाशीत मला ‘कीड़े वाली मैडम’ म्हणतात. सिपरी बाजारातला भाजीवाला याच नावाने हाक मारतो आणि मी मुकाट्याने वळून बघते. माझा जन्म इथलाच. वडील रेल्वेत होते, भुसावळहून बदलीवर आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि खेड्यापाड्यांत गेले की मोडकीतोडकी बुंदेली. त्यामुळे लिहिताना मध्येच हिंदी आली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. माझ्या तोंडात ती अशीच येते.

मी शेती संशोधनाच्या एका केंद्रात उपकरणांच्या विभागात नोकरी केली. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. बिघडलेले वजनकाटे, धान्यातला ओलावा मोजायची यंत्रे, प्रयोगशाळेतल्या भट्ट्या माझ्या टेबलावर यायच्या आणि दुरुस्त होऊन जायच्या. कीटकांशी संबंध म्हणाल तर स्वयंपाकघरातल्या झुरळांपुरता. नव्वदीचे दशक संपत आले होते तेव्हा एक दिवस आमचे कीटकशास्त्रज्ञ डॉ. निगम स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

“कुंदाजी, जमीन के अंदर कीड़ा जड़ चबाता है तो आवाज होती है. हम लोग वो सुन सकते हैं क्या?”

“कितनी आवाज होती है, सर?”

“वो तो आप बताएँगी,” ते म्हणाले आणि चहा मागवला.

ज्या किड्याबद्दल ते बोलत होते त्याला महाराष्ट्रात हुमणी म्हणतात, आमच्याकडे सफेद गिडार. पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात, कडुनिंबावर आणि बोरीवर जमतात, पाला खातात आणि आसपासच्या मातीत अंडी घालतात. त्या अंड्यांतून येते ती हुमणी. पांढरी, जाडसर, डोके विटकरी, हातावर घेतली की अर्धगोल वळून पडून राहते. दिसायला गरीब. पण भुईमुगाचे मूळ खाऊ लागली की रोप वरून हिरवेगार असते आणि खाली त्याला काही उरलेले नसते. रोप पिवळे पडेपर्यंत हुमणी पुढच्या रोपाकडे गेलेली असते. म्हणजे शेतकऱ्याला ती कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. आधी कळायचे तर खणून बघायचे, आणि खणले की तिथली रोपे आपणच मारायची. डॉक्टरांना न खणता बघायचे होते. डोळ्यांनी जमत नव्हते म्हणून कानांनी.

परदेशात अशी यंत्रे होती. ती मागवायला मंजुरी मिळाली नाही, म्हणून मी घरच्या घरी जमवाजमव केली. सिपरी बाजारातल्या भंगारवाल्याकडे लष्करी तंबूच्या लोखंडी मेखा मिळाल्या. मेख मातीत ठोकली की आजूबाजूच्या हातभर मातीतली थरथर तिच्या डोक्यापर्यंत चढते. डोक्यावर मी दारावरच्या विजेच्या घंटीतली पितळी चकती चिकटवली. चकती थरथरीची वीज करते, ती वीज वाढवायला एक छोटा अँप्लिफायर, आणि शेवटी कानाला हेडफोन. दवाखान्यातला स्टेथोस्कोप आठवा. तत्त्व तेच, रोगी फक्त आडवा पडलेला आणि कित्येक एकरांचा.

पहिल्या दिवशी केंद्राच्या शेतात मेख ठोकली, हेडफोन घातला आणि ऐकते तर एक गृहस्थ सोयाबीनच्या पेरणीवर बोलत होते. माझ्या वायरीने रेडिओ पकडला होता. डॉ. निगमांनी तो कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, सल्ला बरा देतो आहे. पुढचे काही आठवडे मी त्या रेडिओशी, विजेच्या तारांच्या गुणगुणीशी आणि रेल्वेशी भांडत होते. झाशीत रेल्वेपासून सुटका नाही. मालगाडी कानाला ऐकू येण्याआधी मेखेला ऐकू यायची. अखेर सगळा जोड मी घरातल्या स्टीलच्या डब्यात बंद केला, डब्याची वायर मातीत सोडली, तेव्हा रेडिओ गप्प झाला. गाड्या जाईपर्यंत थांबायचे हे मात्र शिकावे लागले.

आणि मग एका सकाळी ऐकू आले. शेजारच्या खोलीत कुणी कोवळी काकडी खावी तसे. कुट, कुट, कुट. मग काहीतरी घासल्यासारखे, कांजी केलेली साडी नेसून कुणी चालावे तसे. मग शांत. पुन्हा कुट. मी डॉक्टरांना हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटले. मी मेखेशेजारी खुरपीने उकरले आणि हुमणी बाहेर काढली, तसा आवाज थांबला. हेडफोन काढून त्यांनी माझ्याशी हात मिळवला. आमच्या केंद्रात त्या काळी बाईमाणसाशी कुणी हात मिळवत नसे.

बातमी पसरली तशी गिऱ्हाइकेही येऊ लागली. सिविल लाइन्समधल्या एका निवृत्त न्यायाधीशांनी बोलावले. त्यांच्या बंगल्यासमोरची हिरवळ एका बाजूने बसत चालली होती. “कीड़ा पकड़िए,” म्हणाले, जणू आरोपीच हजर करायचा होता. मी तासभर ऐकले. चावण्याचा आवाज कुठेच नव्हता, होती ती एक अखंड सरसर. मी सांगितले, इथे किडा नाही, पाणी आहे. साहेबांना ते पटले नाही. तरी माळ्याने खणले, तर पाण्याचा नळ फुटलेला निघाला. साहेब इतके खूष झाले की पुढे भेटेल त्याला सांगायचे, केंद्राने नळ शोधायचे फार उत्तम यंत्र बनवले आहे.

आमच्या संचालकांच्या कानावरही ते तसेच गेले. बैठकीत त्यांनी विचारले, “निगम साहब, ये खिलौना कब तक चलेगा?” केंद्राच्या शेतात आवाज ऐकू येणे त्यांना पुरेसे नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यांचे चुकत नव्हते. त्यांनी अट घातली: या पावसाळ्यात एखाद्या खऱ्या शेतकऱ्याच्या शेतात उपयोग दाखवा, नाहीतर मैडमना त्यांच्या वजनकाट्यांकडे परत पाठवा.

तो शेतकरी आम्हाला शोधत आला नाही, त्याची बायको आली. केंद्रात शेतकरी मेळावा होता. समथरजवळच्या एका गावातली पन्नाशीची बाई डॉक्टरांपुढे उभी राहिली. तिला सगळे काकी म्हणत, नवऱ्याला कक्का. कक्कांच्या भुईमुगाचे आदल्या वर्षी हुमणीने वाटोळे केले होते. या वर्षी त्यांनी ठरवले होते की सबंध शेतात औषधाची भुकटी टाकायची. काकीची तक्रार विहिरीची होती. शेत विहिरीकडे उतरते, पाऊस पडला की शेतातले सगळे पाणी तिकडेच जाते, आणि तिच्या घरासह आसपासची घरे त्याच विहिरीवर होती.

“जहर तो जहर होत है, साब,” ती म्हणाली. “हमाई तो कोऊ सुनत नइयाँ.” घरात तिचे कोणी ऐकत नव्हते.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितले. मी म्हणाले, “हम सुनते हैं.” मला विनोद करायचा नव्हता, पण काकी हसली.

ऑगस्टमध्ये आम्ही जीपने तिथे पोचलो. पावसाने उघडीप दिली होती, ऊन कडक. कक्का उंच, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी खाट टाकली, पाणी दिले. ओसरीत औषधाची पोती रचलेली होती आणि एक दिवस सोडून मजूर येणार होते. मी म्हटले, आम्ही ऐकून सांगतो कुठे किडा आहे, तेवढ्याच जागी औषध टाका. कक्का म्हणाले, “बताओ, फिर खोद के देख लें.”

मी विहिरीकडच्या खालच्या अंगापासून सुरुवात केली, कारण काकीला काळजी तिथलीच होती. दुपार होत आली होती. मेख ठोकली, हेडफोन घातला आणि लगेच आवाज आला. कुट. थोड्या वेळाने पुन्हा कुट. पुढच्या जागीही तसेच. सगळा खालचा पट्टा हुमणीने भरलेला दिसत होता. मी जागा दाखवल्या. तोवर शेजारचे शेतकरीही बांधावर येऊन उभे राहिले होते. कक्कांनी फावडे घेतले आणि पहिल्या जागी खणले. ढेकळे हाताने फोडली. काही नाही. दुसऱ्या जागी एक गांडूळ. तिसऱ्या जागी तेही नाही. भुईमुगाची चांगली रोपे मात्र उपटली गेली.

कुणी हसले असते तर बरे झाले असते. कक्कांनी फावड्याची माती झटकली आणि अगदी हळू विचारले, “मैडम जी, मशीन खराब है का?”

मी मेखा गोळा केल्या. जीपजवळ डॉक्टर म्हणाले, “कोई बात नहीं कुंदाजी. चलिए, झाँसी जाकर सोचेंगे.” त्यांना दुसऱ्या दिवशी बैठक होती. पण झाशीला जाऊन विचार करायचा म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मजूर येणार, पोती फुटणार आणि आमचे यंत्र कपाटात जाणार. शिवाय मला ते मान्यच होत नव्हते. आवाज मी ऐकला होता. रेडिओ नव्हता, गाडी नव्हती, वारा नव्हता. मातीतूनच काहीतरी बोलत होते. ते काय आहे हे कळल्याशिवाय मी तिथून हलणार नव्हते.

“आप जाइए सर,” मी म्हणाले. “मैं यहीं रुकती हूँ.”

“अकेली?”

“काकी हैं ना.”

समथरच्या बाजारातून घरी फोन केला. माझे यजमान रेल्वेत गार्ड, घरी असले तर नशीब. ते होते. “किती दिवस राहणार?” त्यांनी विचारले. मी म्हणाले, “आवाज ओळखेपर्यंत.” ते म्हणाले, “बरं. डाळ कुठे ठेवलीय तेवढं सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीकडून मी दोन मातीचे घडे मागून घेतले. कक्कांचे शेत एका जातीच्या मातीचे नव्हते. वरच्या अंगाला तांबूस, भुसभुशीत. खाली विहिरीकडे काळी, चिकट. केंद्रात माझा सगळा अभ्यास तांबड्या मातीवर झाला होता. एका घड्यासाठी वरची माती आणली, दुसऱ्यासाठी खालची. काकीने दोन्ही गव्हाच्या चाळणीतून चाळून दिल्या, म्हणजे आत जिवंत काही राहायला नको. मातीवर पाणी शिंपडले, घडे अंगणात उन्हात ठेवले आणि दोन्हींत मेखा खुपसून मी पाटावर बसले. येणारी-जाणारी माणसे बघत होती. शहरातून आलेली एक बाई रिकाम्या मातीचे घडे ऐकत बसली आहे, ही त्या गावासाठी मोठी गोष्ट होती. काकीने त्यांना काय सांगितले कोण जाणे, पण कुणी जवळ येऊन त्रास दिला नाही.

सकाळी दोन्ही घडे गप्प होते. ऊन चढले. तांबडी माती गप्पच राहिली. मग काळ्या मातीच्या घड्यातून आले: कुट. बऱ्याच वेळाने पुन्हा. ऊन वाढत गेले तसे जास्त.

काकी भाकऱ्या आटोपून आली. “का सुन रईं?”

मी हेडफोन तिच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “खा तो रओ है.”

“काकी, यात कोणी नाही. तुम्हींच चाळलीत ना माती?” मी भान विसरून मराठीत बोलले होते. तिला कळले बहुतेक. आम्ही दोघी घड्यावर वाकलो. मातीच्या कडेला, घड्याच्या काठाला लागून एक केसाएवढी भेग पडली होती. आमच्यादेखत ती किंचित पुढे सरकली, आणि काकीच्या कानात आवाज झाला असणार, कारण तिने चटकन माझा हात धरला.

काळी माती वाळताना तडकते. तिच्या तडकण्याचा आवाज मी काल हुमणी समजून बसले होते. मला एकीकडे स्वतःचा राग आला आणि दुसरीकडे इतका आनंद झाला की मी तिथेच पाटावर बसून राहिले. यंत्र बिघडलेले नव्हते. मी फक्त एकाच मातीची भाषा शिकले होते.

शेजारच्या शेतात हुमणी नक्की होती. तिथून काकीने चार-दोन आणून दिल्या, भुईमुगाच्या मुळ्यांसकट तांबड्या मातीच्या घड्यात सोडल्या आणि मी संध्याकाळपर्यंत आलटून पालटून ऐकले. भेग एकटी बोलते. एक कोरडा ठोका आणि संपले. हुमणी लागोपाठ चावते, मग घासत सरकते, मग विसावते, पुन्हा चावते. दुपारच्या उन्हात हुमणी खाली जाते आणि माती तडकते, म्हणजे मी काल सगळ्यात वाईट वेळ निवडली होती. ऐकायचे ते पहाटेच्या ओलाव्यात, माती गप्प असताना.

पण मजूर दुसऱ्याच दिवशी येणार होते. जेवताना मी कक्कांना सगळे सांगितले. त्यांनी भाकरीचा घास थांबवून ऐकले, पण हो म्हणाले नाहीत. आदल्या वर्षीचे नुकसान त्यांनी सोसले होते, मी नाही. काकी ताटात भाजी वाढत म्हणाली, “एक सबेरो दे दो इन खों.” एक सकाळ द्या यांना.

कक्का पाणी प्यायले. “धूप चढ़बे लौं,” ते म्हणाले. ऊन चढेपर्यंत. त्यानंतर तसेही मला ऐकू येणार नव्हते.

फटफटताच मी शेतात उतरले. काकीने जुन्या साडीच्या चिंध्या काड्यांना बांधून दिल्या होत्या, खुणेसाठी. विहिरीकडून सुरुवात केली. मेख ठोकायची, श्वास धरून ऐकायचे, उपटायची, पुढे जायचे. खालचा पट्टा गप्प होता. पुढे, गप्प. मला वाटत होते, आज काहीच नाही मिळाले तर काय तोंड दाखवणार? अर्धे शेत असेच गेले. काळी माती संपली, तांबडी लागली. बांधावर दोन मोठे कडुनिंब होते, त्यांच्या बाजूला सरकले आणि मेखेने सांगितले: कुट, कुट, कुट. मग घासणे. मग थांबणे. मी पहिली काडी रोवली. मग भराभर रोवत गेले. कडुनिंबाभोवती अंतराअंतरावर चिंध्या फडफडू लागल्या. भुंगेऱ्यांनी बसायला ती झाडे निवडली होती, अंडीही तिथेच घातली होती.

ऊन मानेवर येईपर्यंत मजूर येऊन बांधावर बसले होते, बिड्या ओढत. कक्का फावडे घेऊन वर आले. ज्या रोपाजवळ पहिली काडी होती ते हिरवेगार होते. त्यांनी खणले, माती हातात घेतली, आणि तळव्यावर पांढरी हुमणी वळून पडली. दुसऱ्या काडीखाली आणखी. तिसरीखाली काही नव्हते. माझी चूक. चौथीखाली पुन्हा होती. मग ते खाली काळ्या मातीत गेले आणि मी जिथे काडी लावली नव्हती तिथे मुद्दाम खणू लागले. एक जागा, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या जागी एक हुमणी सापडली. त्यांनी ती मला दाखवली.

“जा छूट गई.”

“हाँ, ये छूट गई,” मी म्हणाले. “ऐसी कुछ छूटेंगी, कक्का. सब मैंने पकड़ लीं, ऐसा मैं नहीं कहूँगी.”

त्यांनी शेतावरून नजर फिरवली. वरती चिंध्या, खाली विहीर. एवढ्या मोठ्या निर्णयात मला बोलायचा हक्क नव्हता, म्हणून मी मेखेची माती पुसू लागले. काकी विहिरीवर पाणी काढत होती, पण तिचे लक्ष आमच्याकडेच होते. मग कक्का मजुरांकडे वळले. “ऊपर डारो, जितै चिंदी लगी हैं. नीचे नईं डारने.” उरलेली पोती त्यांनी स्वतः उचलून ओसरीत परत नेली.

वरच्या अंगाची काही रोपे तरीही गेली. बरीचशी राहिली. खालचा पट्टा चांगला पिकला, आणि विहिरीत काही उतरले नाही. कक्कांनी कौतुकाचा शब्द काढला नाही. काढणीनंतर मात्र ओल्या शेंगांचे एक पोते झाशीला आमच्या घरी आले. कोणी पाठवले ते आणणाऱ्याने सांगितले नाही, पण पोत्याचे तोंड साडीच्या चिंधीने बांधलेले होते. आम्ही मीठ घालून शेंगा उकडल्या, अर्ध्या रेल्वे कॉलनीत वाटल्या.

संचालकांनी अहवाल वाचला, माझ्या टेबलाशी येऊन हेडफोन मागून घेतला आणि स्वतः ऐकले. पुढची काही वर्षे आम्हाला आणखी संच बनवायला परवानगी मिळाली, बऱ्याच गावांत फिरलो. काळ्या मातीचा आणि तांबड्या मातीचा आवाज वेगवेगळा शिकवू लागलो. मला खंत आहे ती यापुढची. डॉ. निगमांची दक्षिणेकडे बदली झाली. नंतर आलेल्यांना दुसरे विषय जवळचे होते, त्यात गैर काही नाही. या कामात धीर लागतो, आणि कान तयार करावा लागतो. कान तयार झालेली माणसे मी जेमतेम मूठभर घडवू शकले. आणखी घडवायला हवी होती. संच कपाटात गेले, कपाट गोदामात.

निवृत्तीच्या आधी मी एक संच मागितला. भंगार म्हणून तो मला मिळाला. नवी बॅटरी बसवली, चकती बदलली, आणि दर पावसाळ्यात समथरची बस धरू लागले. मुलगी म्हणते, “आई, अब तो आराम करो ना.” आराम पावसाळा संपल्यावर करते.

कक्का गेल्याला आता काही वर्षे झाली, काकी थकली आहे. शेत त्यांची सून बघते. लग्न होऊन आली तेव्हा ती माझ्याकडे जरा संशयानेच बघायची. यंदा भुईमुगाला फुले लागली तेव्हा तिचा फोन आला. कडुनिंबावर भुंगेरे खूप होते, असे म्हणाली. शेजारचे लोक सगळ्या शेतात औषध टाकायला लागले आहेत, तिच्या घरीही दुकानदार विचारून गेला.

“फिर? क्या ठहराया?” मी विचारले.

“ठहराबे का है,” ती म्हणाली. “दुकान वाले सें कै दई हमने, जब लौं मैडम जी सुन न लें, तब लौं हमाए खेत में दवा नईं डरहै.”

मी ऐकल्याशिवाय तिच्या शेतात औषध पडणार नव्हते. मी तिला सांगितले, परवा पहिल्या बसने येते.